मोरचुदातलं पाणी

उंब्रजहून मी बोलतोय, आणि आजचा भाग कृषी सेवा केंद्रातल्या एका निळ्या पिशवीपासून सुरू करायचाय. मोरचूद. तासगावकडं ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांना सांगायला नको. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, झालं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. पाऊस लांबला की पिंपंच्या पिंपं तयार होतात.

आता गंमत बघा. त्या एक किलो मोरचुदात सुमारे ३६० ग्रॅम पाणी आधीच असतं. पिशवी कोरडी, खडे कोरडे, हाताला ओल लागत नाही, आणि तरी वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग पाणी. आपण पैसे मोजून पाणी घरी आणतो आणि शंभर लिटर पाण्यात विरघळवतो.

शाळेत याला स्फटिकजल म्हणतात. सूत्र आठवा: कॉपर सल्फेट, मग मध्ये एक टिंब, मग पाच पाणी. मला ते टिंब तेव्हापासून खटकायचं. बेरजेचं चिन्ह नाही, गुणाकाराचं नाही, मग आहे काय ते? परीक्षेत ते टिंब द्यायचं राहिलं तर मार्क कापायचे, पण त्याचा अर्थ कुणी विचारायचं नाही. आजचा भाग त्या टिंबाचा इतिहास आहे. त्यात हार्वर्ड आहे, जर्मनी आहे, आणि आपली मुंबई दोनदा आहे, एकदा कुलाब्याच्या बाजूला आणि एकदा ट्रॉम्बेला.

परीक्षानळीत मोरचूद तापवलं की ते पांढरं पडतं, हे बहुतेकांनी केलंय. वर थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. पांढऱ्या भुकटीवर पाणी टाकलं की निळा रंग परत. पण पाचही पाणी एकदम जात नाहीत. आधी दोन जातात, मग आणखी दोन, आणि शेवटचं एक २०० अंशांच्या आसपास तापवल्यावर. म्हणजे पाचही सारखी बांधलेली नाहीत, एवढं तर चुलीवरसुद्धा कळतं.

कोण कुठं बसलंय ते पहिल्यांदा कळलं १९३४ मध्ये. इंग्लंडमधल्या बीव्हर्स आणि लिप्सन या दोघांनी क्ष-किरणांनी मोरचुदाच्या स्फटिकाची रचना काढली. कॉम्प्युटर नव्हते, सगळी आकडेमोड हातानं. असल्या आकडेमोडीसाठी त्यांनी छापील आकड्यांच्या पट्ट्या बनवल्या आणि त्या पट्ट्या पुढं कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या गेल्या. त्यांना दिसलं ते असं: चार पाणी तांब्याच्या भोवती चौकोनात बसलेत. पाचवं तांब्याला शिवतच नाही. ते बाजूला उभं राहून सल्फेटच्या ऑक्सिजनला आणि शेजारच्या पाण्यांना धरून आहे.

धरून आहे म्हणजे कशानं? हायड्रोजन बंधानं. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडं ओढतो, त्यामुळं हायड्रोजन जरा उघडा पडतो, आणि जवळ दुसरा ऑक्सिजन दिसला की त्याच्याकडं झुकतो. स्वतःचं घर सोडत नाही, पण शेजाऱ्याचा हात धरतो. ही कल्पना नीट मांडली गेली ती १९२० मध्ये, लॅटिमर आणि रोडबुश यांच्याकडून. बर्फ तरंगतो तो यामुळं, आपल्या पेशींतला डीएनए दोन पदरी राहतो तोही यामुळं.

अडचण एकच होती. क्ष-किरणांना हायड्रोजन जवळपास दिसतच नाही. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरतात, आणि हायड्रोजनकडं एकच इलेक्ट्रॉन, तोही शेजाऱ्यांनी ओढलेला. म्हणजे बीव्हर्स आणि लिप्सनना घरं दिसली, पण हात कुठं धरलेत ते अंदाजानंच सांगावं लागलं. दोन ऑक्सिजन जवळ आहेत ना, मग मध्ये हायड्रोजन असणार. बस.

पुढची पायरी जिप्समनं गाठून दिली. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि दोन पाणी. ते भाजून दीड पाणी काढलं की झालं प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी कालवलं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. पीओपीचे गणपती करणारा प्रत्येक कारखानदार हेच करतो, पाणी काढलेला क्षार घेऊन त्याला पाणी परत देतो. (पीओपीचे गणपती असावेत की नसावेत हा वाद आज नको. तो वेगळा भाग होईल आणि कमेंटमध्ये भांडणंही होतील.)

१९४८ मध्ये हार्वर्डमध्ये जॉर्ज पेक नावाच्या तरुणानं जिप्समचा एक स्फटिक मोठ्या चुंबकात ठेवला आणि त्यावर रेडिओ लहरी सोडल्या. तंत्र नवंकोरं होतं, जेमतेम दोन वर्षांचं: न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, ज्यातून पुढं हॉस्पिटलमधलं एमआरआय आलं. हायड्रोजनचं अणुकेंद्रक हे छोटं चुंबक असतं आणि बाहेरच्या चुंबकात ते ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच उत्तर देतं. पेकला एकाच्या जागी दोन सिग्नल मिळाले. कारण पाण्यातले दोन हायड्रोजन एकमेकांचं चुंबकत्व अनुभवत होते. स्फटिक फिरवला की दोन सिग्नलांमधलं अंतर कमी-जास्त होई. त्यावरून पेकनं जिप्सममधल्या पाण्याच्या दोन हायड्रोजनांतलं अंतर काढलं: १.५८ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. क्ष-किरणांना न दिसणारं रेडिओनं मोजलं.

या पेकचं पुढं काय झालं ते ऐका. १९७० मध्ये झेरॉक्स कंपनीनं कॅलिफोर्नियात एक संशोधन केंद्र काढलं, त्याचे पहिले प्रमुख हेच. खिडक्या, चित्रं आणि माउस वापरून चालवायचा कॉम्प्युटर त्या केंद्रात घडला. तुम्ही आत्ता फोनवर ज्या छोट्या चित्राला बोट लावून हा भाग उघडलात, त्याची वंशावळ तिथपर्यंत जाते.

आता मुंबईकडं येऊ. मुंबईची ही गोष्ट आधी अमेरिकेत स्टॅनफर्डला घडते. तिथं फेलिक्स ब्लॉख यांची प्रयोगशाळा होती. १९५० मध्ये तिथल्या प्रॉक्टर आणि यू या दोघांना नायट्रोजनच्या केंद्रकाचं चुंबकत्व अचूक मोजायचं होतं, म्हणून त्यांनी अमोनियम नायट्रेट घेतलं. सिग्नल एक यायला हवा होता, आले दोन. अमोनियमचा नायट्रोजन वेगळा वाजत होता, नायट्रेटचा वेगळा. म्हणजे केंद्रकाला आपल्या आजूबाजूच्या रसायनाची खबर असते. भौतिकशास्त्रवाल्यांना हा सुरुवातीला त्रासच वाटला, कारण त्यांची मोजमापं बिघडत होती. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, त्याच प्रयोगशाळेतून अर्नोल्ड, धर्माधिकारी नव्हे, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांचा एक छोटासा लेख आला. साधं अल्कोहोल घेतलं तर हायड्रोजनचे तीन वेगळे सिग्नल येतात, त्यांचं प्रमाण तीनास दोनास एक. रसायनशास्त्राची कुठलीही पदवी घेतलेल्यानं हे चित्र पाहिलेलं असतं. त्यातले मधले नाव, एस. एस. धर्मट्टी, मात्र फारसं कुणी उच्चारत नाही.

त्या तीन सिग्नलांतला सर्वात लहान, ऑक्सिजनला चिकटलेल्या हायड्रोजनचा, भलताच चंचल निघाला. अल्कोहोल गरम करा, तो सरकतो. थंड करा, उलटा सरकतो. बाकीचे दोन जागेवर. कारण तोच एक हायड्रोजन शेजाऱ्याचा हात धरतो, आणि तापवलं की ते हात सुटत जातात. हायड्रोजन बंध केंद्रकाच्या सिग्नलमध्ये स्पष्ट ऐकू आला तो असा.

धर्मट्टी भारतात परतले आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, त्यांनी या विषयाचा गट उभा केला. आजची कुलाब्याची समुद्राकाठची इमारत तेव्हा व्हायची होती. संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये चालायची. भारतात एनएमआरची परंपरा ज्या थोड्या जागांहून सुरू झाली त्यातली ही एक. पुढं १९८३ मध्ये तिथंच या तंत्राचं राष्ट्रीय केंद्र झालं.

इथवर आपण मुख्यतः ज्या हायड्रोजनच्या केंद्रकाबद्दल बोललो ते गोल होतं. सगळी केंद्रकं गोल नसतात. काही लांबट असतात, काही चपटी. हा फरक समजायला उंब्रजला यावं. इथं तारळी कृष्णेला मिळते. पावसाळ्यात संगमावर उभं राहून बघा. एका बाजूनं तारळी जोरात येते, दुसरीकडं कृष्णा आपल्या चालीनं. तिथं चेंडू पडला तर तो कसाही फिरला तरी चेंडूच, त्याला दिशा नाही. पण लांबट ओंडका आला तर एका टोकाला एक ओढ, दुसऱ्या टोकाला वेगळी, आणि तो एका विशिष्ट दिशेला वळतो. ओंडक्याचं वळणं पाहून प्रवाह कुठं किती बदलतोय ते काठावरून सांगता येतं. लांबट केंद्रकाचं तसंच. त्याच्या भोवतीचं विद्युत क्षेत्र एकसारखं नसेल, इकडून तिकडं झपाट्यानं बदलत असेल, तर केंद्रकाला काही दिशा सोयीच्या आणि काही गैरसोयीच्या होतात. त्या दोन्हींमधला फरक रेडिओ लहरींनी मोजता येतो. याचं नाव न्यूक्लिअर क्वाड्रुपोल रेझोनन्स, एनक्यूआर. आणि याला मोठं चुंबक लागत नाही. स्फटिक स्वतःच यंत्राचं अर्धं काम करतो.

हे पहिल्यांदा थेट ऐकलं १९५० मध्ये, युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या जर्मनीत. गटिंगन इथं हान्स डेमेल्ट आणि ह्युबर्ट क्र्यूगर यांनी गोठवलेल्या डायक्लोरोएथिलीनमधल्या क्लोरीनचा सिग्नल पकडला, ३५ मेगाहर्ट्झच्या आसपास. आपले एफएमवाले ८८ पासून पुढं असतात, हा त्याच्या बराच खाली. डेमेल्ट पुढं एकटा इलेक्ट्रॉन सापळ्यात पकडून ठेवण्याबद्दल १९८९ च्या नोबेलचे मानकरी झाले.

क्षारांतल्या क्लोरीनला हायड्रोजन बंध कळतो. पाण्याचा हायड्रोजन क्लोरीनकडं झुकला की क्लोरीनभोवतीचे इलेक्ट्रॉन थोडे सरकतात आणि फ्रिक्वेन्सी बदलते. पण खरी हौस होती ती थेट हायड्रोजनलाच विचारायची. इथं निसर्गानं दार बंद ठेवलेलं. साध्या हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन, त्याला हा लांबटपणा नसतो. तो चेंडू आहे. मग मागचं दार उघडलं गेलं: ड्युटेरियम, जड हायड्रोजन. त्यात प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉन असतो, आणि ते केंद्रक किंचित लांबट असतं हे १९३९ मध्ये न्यूयॉर्कला राबी यांच्या गटाला सापडलं होतं. म्हणजे करायचं काय, तर साध्या पाण्याऐवजी जड पाण्यात मोरचूद विरघळवायचं आणि स्फटिक वाढवायचे. दिसायला तेच निळे खडे, पण प्रत्येक हायड्रोजनच्या जागी एक बोलका साक्षीदार.

तो काय बोलतो? जड पाण्याचा रेणू वाफेत एकटा असताना त्याच्या ड्युटेरियमचा आकडा सुमारे ३०८ किलोहर्ट्झ असतो. त्याच पाण्याचा बर्फ केला की सुमारे २१५. जवळपास तीस टक्के घसरण, आणि बदल काय झाला, तर शेजाऱ्याचा हात धरला. कारण समजायला अवघड नाही. एकट्या रेणूत ड्युटेरियमच्या एकाच बाजूला ऑक्सिजन, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे क्षेत्र पार एककल्ली. दुसरा ऑक्सिजन समोर आला की ड्युटेरियम घरापासून थोडा पुढं सरकतो, आणि समोरच्या बाजूलाही कुणीतरी आल्यानं दोन्हीकडचा तोल थोडा साधतो. क्षेत्राचा उतार कमी होतो, आकडा घसरतो. शेजारी जितका जवळ, बंध जितका घट्ट, तितका आकडा खाली. माझ्या मते हा या सगळ्या गोष्टीतला सर्वात सुंदर भाग आहे: बंध घट्ट आहे की सैल, हे एका आकड्यावरून कळतं.

प्रत्यक्षात ड्युटेरियमचा सिग्नल फार क्षीण. त्याची फ्रिक्वेन्सी आपल्या सांगली आकाशवाणीच्या मीडियम वेव्हच्याही खालची. म्हणून त्या काळात बहुतेकांनी चुंबक वापरलंच, आणि ड्युटेरियमच्या रेषा किती फाकतात त्यावरून हा आकडा काढला. पद्धत मिश्र, मोजमाप तेच.

आता ट्रॉम्बे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्फटिकांतल्या पाण्याबद्दल एक जुना प्रश्न लोंबकळत होता. मोकळ्या पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजनांमधला कोन १०४.५ अंश. पण स्फटिकात पाणी ज्या दोन शेजाऱ्यांना धरतं ते काही मोजून त्या कोनात बसलेले नसतात. कुठं ९० च्या जवळ, कुठं १२० च्या पुढं. मग वाकतं कोण? पाण्याचा रेणू आपले हात फाकवतो, की हात तसेच ठेवून बंध वाकडा होतो? तेव्हा हायड्रोजन बंध सरळच असतो असं धरून चालायची पद्धत होती.

१९६२ मध्ये ट्रॉम्बेच्या एका पंचविशीतल्या संशोधकाचा यावर लेख आला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एनएमआरवर पीएचडी केलेला हा तरुण नुकताच मुंबईला आला होता. त्यानं मांडलं की रेणूचा कोन बदलायला जास्त ऊर्जा लागते, बंध वाकायला कमी. तेव्हा बंधच वाकतो. नाव राजगोपाल चिदंबरम. हो, तेच. १९९८ च्या पोखरण चाचण्यांच्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असलेले चिदंबरम.

तर्क मांडणं वेगळं, दाखवणं वेगळं. दाखवायला न्यूट्रॉन लागतात. क्ष-किरणांना हायड्रोजन दिसत नाही, न्यूट्रॉनना छान दिसतो, कारण ते इलेक्ट्रॉनांना न जुमानता केंद्रकावर आदळतात. त्याच १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये बेकन आणि करी यांनी न्यूट्रॉननी मोरचुदातल्या पाचही पाण्यांचे हायड्रोजन शोधून काढले. आपल्याकडं न्यूट्रॉन कुठून? तर ट्रॉम्बेला १९६० मध्ये सायरस अणुभट्टी सुरू झाली होती, कॅनडाच्या मदतीनं, अमेरिकेकडून आलेल्या जड पाण्यावर. १९६४ मध्ये चिदंबरम, सिक्वेरा आणि सिक्का यांनी पोटॅशियम ऑक्झलेटच्या स्फटिकावर न्यूट्रॉन सोडून त्यातलं पाणी तपासलं. एक पाणी असलेला साधा क्षार. त्यांना दिसलं की पाण्याचे दोन हायड्रोजन ऑक्झलेटच्या ऑक्सिजनांना धरतात, आणि पाण्याच्या ऑक्सिजनची दुसरी बाजू, जिथं त्याचे न जोडलेले इलेक्ट्रॉन असतात, ती धातूच्या आयनांकडं वळलेली असते. चारी दिशांना पाण्याला कुणीतरी धरलेलं आहे. शाळेतल्या टिंबाचा अर्थ मला विचाराल तर हा आहे.

या दोन वाटा, न्यूट्रॉन आणि क्वाड्रुपोल, एकमेकींना तपासतात. ड्युटेरियमभोवतीच्या क्षेत्राची मुख्य दिशा जवळजवळ त्याच्या स्वतःच्या ऑक्सिजनकडं जाणाऱ्या रेषेवर असते. म्हणून त्या मोजमापातून पाण्याच्या दोन हातांमधला कोनही कळतो, आणि आकड्यातून बंधाची घट्टपणा. १९६९ मध्ये सोडा आणि चिबा या दोन जपानी संशोधकांनी हे खुद्द मोरचुदावर केलं. पाच पाणी, दहा हायड्रोजन, आणि आकडा शेजारच्या ऑक्सिजनपर्यंतच्या अंतराबरोबर कसा बदलतो याचा एक साधा हिशोब त्यांनी दिला. अंतराच्या घनाच्या उलट्या प्रमाणात घसरण. नंतर अनेक वर्षं लोक तो हिशोब दुसऱ्या क्षारांना लावत राहिले.

यातून आणखी एक गोष्ट कळली जी मला वाचताना अंगावर आली. हे पाणी स्थिर नसतं. जिप्समसारख्या क्षारात, घरातल्या साध्या तापमानाला, पाण्याचा रेणू सतत कोलांटी मारतो. डावा हात उजवीकडं, उजवा डावीकडं, सेकंदाला लाखो वेळा. दोन्ही हात सारखेच, त्यामुळं बाहेरून काही बदललेलं दिसत नाही, पण ड्युटेरियमचा सिग्नल सरासरी होऊन पार वेगळा येतो. खूप थंड केलं की कोलांट्या थांबतात आणि खरे आकडे दिसतात. कपाटावर ठेवलेल्या पीओपीच्या मूर्तीत आत्ता हे चाललंय.

सायरसमधल्या न्यूट्रॉननी क्षारांतलं पाणी दाखवलं, आणि त्याच सायरसमध्ये तयार झालेलं प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण स्फोटात वापरलं गेलं. चिदंबरम त्या कामातही होते आणि १९९८ च्याही. सिक्काही १९९८ च्या गटात. भट्टी तीच, माणसं तीच. कॅनडाला १९७४ नंतर आपण फसवले गेल्यासारखं वाटलं आणि त्यांनी अणुसहकार्य थांबवलं. आमच्या पिढीला पोखरण सिनेमातून माहीत आहे, आणि त्यात उंट, वाळू आणि उपग्रह चुकवणं आहे. पोटॅशियम ऑक्झलेटला सिनेमात जागा मिळणं अवघडच. पण अणुबॉम्बवाले म्हणून ज्यांच्याकडं आपण एकतर भक्तीनं किंवा रागानं बघतो, त्यांनी तारुण्यातली वर्षं पाण्याचा एक रेणू हात कुणाला देतो हे शोधण्यात घालवली, हे कळल्यावर मला ती माणसं जरा जास्त समजली. बॉम्बबद्दलचं माझं मत त्यानं बदललं नाही. तो वाद आहे तिथंच आहे.

सायरस ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद झाली. चिदंबरम ४ जानेवारी २०२५ ला मुंबईत गेले. दुसऱ्या दिवशी मी वाचलेल्या प्रत्येक बातमीत पोखरण होतं आणि एकाही बातमीत हायड्रोजन बंध नव्हता.

पुढच्या भागात रायगड जिल्ह्यात जाऊ, अलिबागजवळ थळला. तिथं खतकारखान्याच्या शेजारी जड पाणी बनतं, अमोनिया वापरून, १९८७ पासून. ते कसं बनतं, आणि साध्या पाण्यातून त्याला वेगळं काढायला एवढा मोठा कारखाना का लागतो, ते तेव्हा बोलू.